पाणबुड्याचा जुना साज

जालना जिल्ह्यास समुद्र नाही. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, मधून दुधना व कुंडलिका जातात, उत्तरेस भोकरदनाकडे पूर्णा आहे; परंतु चैत्र उजाडला की यांपैकी बहुतेकांची पात्रे गुरे ओलांडून जातील इतकी कोरडी पडतात. अशा जिल्ह्यात समुद्रतळाशी उतरण्याचे सामान, आणि तेही कोणी वापरून टाकलेले, विकत घेण्यासाठी आम्ही गेल्या मार्गशीर्षात जालन्यास दोन दिवस मुक्काम केला, हे वाचून वाचकांस हसू येणे साहजिक आहे. आमच्या घरीही प्रथम हसूच झाले.

कारण असे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा घनसावंगी तालुक्यात मोसंबीची बाग सांभाळतो. जालन्याच्या मोसंबीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तो पाहुण्यास चहाच्या आधी सांगतो. त्याच्या अंगी आणखी एक गुण आहे. कोणाच्या विहिरीत पाण्याची मोटार सुटून पडली की लोक त्यास बोलावतात. तो कमरेस दोर बांधून, छाती भरून बुडी घेतो आणि तळाच्या गाळात चाचपून मोटारीस फास घालून वर येतो. याचे पैसे तो घेत नाही. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावी एका शेततळ्यात एक शाळकरी मुलगा बुडाला. शेततळ्यांनी या जिल्ह्यातील कडवंचीसारख्या गावांचा कायापालट केला हे खरे; परंतु तळ्यास अंथरलेले प्लास्टिक शेवाळाने निसरडे होते आणि आत पडलेल्याच्या हातास धरावयास काही लागत नाही. आमच्या पुतण्याने तीन बुड्या मारल्या. चौथ्या बुडीत मूल हाती लागले; तोवर उशीर झाला होता. त्या दिवसापासून त्याने एकच धरले की, पाठीवर हवेची टाकी असती तर तळाशी थांबता आले असते.

आदल्या दिवाळीत तो मालवणास जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात तशी टाकी लावून एकदा पाण्याखाली गेला होता. तेथील शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक त्याने जपून ठेवला होता. नव्या सामानाची किंमत बागेच्या एका बहराच्या उत्पन्नाशी भिडणारी. म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला, आणि जुना संच निघाला तो थेट जालन्यात! कोकणातील कोणा जलक्रीडेच्या धंद्याचा गाशा गुंडाळला गेला तेव्हा एका जालनेकर गृहस्थाने तो माल उक्ता घेतला होता, आणि आता तो अडतीस हजारांस विकावयाचा होता. आमच्या भावजयीने आम्हास एवढेच सांगितले, "भावोजी, तुम्ही बरोबर जा. तुम्ही नको म्हणालात तर तो ऐकेल." ही जबाबदारी आम्हास त्या टाकीहून जड वाटली.

आम्ही अंबडावरून गेलो. अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर आहे ती टेकडी माशाच्या आकाराची आहे. गाडी थांबली तेवढ्यात खालूनच हात जोडले आणि मनात आले की, पाण्याशी झगडावयास निघालेल्यास ही वाट योग्यच मिळाली.

जालना शहर कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. एका अंगास जुना जालना, दुसऱ्या अंगास नवा. 'जालना सोने का पालना' ही म्हण येथील शेंबडे पोरही म्हणते. आज तो पाळणा सोन्यापेक्षा लोखंडाने भरलेला आहे. परंतु आम्हास या नगराची जुनी ओळख पाण्याची वाटते. मलिक अंबरच्या काळातील जमशीदखानाने येथे मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून गावातील हौदांस पाणी पुरविले. मस्तगडाची बालेकिल्ल्याची इमारत 1725 ची. तिच्यातील विहिरीस दालने व सज्जे खोदलेले असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. म्हणजे उन्हाळ्यात पाण्याच्या पोटात जाऊन बसण्याची सोय! महाभारतातला दुर्योधन द्वैपायन डोहात पाणी स्तंभित करून लपून बसला होता. वर्गात हा प्रसंग शिकविताना, "गुरुजी, तो श्वास कसा घेत होता?" असे एखादा विद्यार्थी हटकून विचारी. आम्ही 'मायेने' असे उत्तर देऊन पुढे सरकत असू.

खरे उत्तर मानवास 1943 साली सापडले. फ्रान्समध्ये जाक कुस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता यांनी, माणूस ओढील तेवढीच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देणारी झडप पाणबुड्यासाठी तयार केली. मौज अशी की, तिचे मूळ मोटारीत होते. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या कोळशाच्या वायूवर चालवीत, आणि त्या वायूचे नियमन करणाऱ्या झडपेवर गान्यांने काम केले होते. आपल्याकडेही त्या दिवसांत पाठीमागे भट्टी लावलेल्या मोटारी धुरळा उडवीत जात, असे आमचे वडील सांगत.

विक्रेते गृहस्थ नव्या जालन्यातील एका बोळात राहत. त्यांनी आमचे अगत्याने स्वागत केले, चहा दिला आणि सतरंजीवर सर्व साज मांडला: पोलादी टाकी, नळ्या, तोंडात धरावयाची झडप, हवा भरून तरंगण्याचे जाकीट, पायांत घालावयाचे रबरी पंख, काचेचा मुखवटा आणि शिशाच्या वजनांचा पट्टा. टाकी पिवळ्याधमक रंगाने चमकत होती. पुतण्याचे डोळेही चमकले. आमचे मन मात्र त्या रंगापाशी अडले. घर विकावयाचे असले म्हणजे आधी सफेदी करतात, हे आम्ही साठ वर्षे पाहत आलो आहोत.

मालवणच्या शिक्षकाने दूरध्वनीवर सांगून ठेवले होते की, टाकीच्या गळ्याशी अक्षरे ठोकलेली असतात ती आधी वाचा. आम्ही विक्रेत्यांच्या परवानगीने रुपयाच्या कडेने रंग खरवडला आणि भिंग लावले. जुने ताम्रपट वाचण्याचा नाद आम्हास पूर्वीपासून आहे, तो असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते! पोटात पाणी किती मावते तो अंक, भरण्याचा दाब, परीक्षेचा दाब, रिकाम्या टाकीचे वजन, आणि शेवटी परीक्षेची मिती. शेवटची मिती 2009 ची होती. अशा टाकीत पाणी भरून, कामाच्या दाबाहून अधिक दाब देऊन ठराविक मुदतीने तिची परीक्षा व्हावी लागते. आपल्याकडे 2016 चे गॅस सिलिंडर नियम त्यासाठी आहेत आणि त्यांचा कारभार नागपूरच्या मुख्य कचेरीतून चालतो. बारा लिटरच्या टाकीत दोनशे पट दाबाने हवा कोंबली म्हणजे ती मोकळी चोवीसशे लिटर होते. एवढी शक्ती ज्या भिंतीआड कोंडावयाची, ती भिंत पंधराहून अधिक वर्षे कोणी तपासलेली नाही!

मग टाकी हळूच आडवी केली. आत वाळू सरकावी तसा आवाज आला. पोलादी टाकीत ओल राहिली की आतून गंज धरतो. आणि लोखंड गंजते ते प्राणवायू खाऊन. बंद टाकीत दीर्घकाळ पडून राहिलेली हवा त्यामुळे दिसावयास हवाच, पण माणसास पुरेशी नाही, अशी होऊ शकते. जी झडप टाकीच्या तोंडास अडकवितात तिच्या पकडीस इंग्रजीत बैलाच्या जुवाचेच नाव आहे. त्या जुवाच्या आतील धातूची बारीक गाळणी पाहिली, ती कडेने हिरवट पडली होती. म्हणजे खारे पाणी आत शिरले होते. नळ्या वाकवून पाहिल्या, तो रबरास भेगा.

विक्रेते गृहस्थ लबाड नव्हते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्यांस यातले काही ठाऊकच नव्हते. त्यांनी भोळेपणाने सांगितले, "गुरुजी, हवेचे काय, टायरवाल्याकडे भरता येईल, नाहीतर कारखान्यात ऑक्सिजन मिळतो, तो तर हवेहून चांगला." आमच्या पुतण्यानेही मान डोलावली, तेव्हा मात्र आमच्या पोटात धस्स झाले. टायरच्या यंत्रास एवढा दाब देता येत नाही, आणि त्याच्या हवेत तेलाची वाफ व धुराचा विषारी वायू मिसळू शकतो. शुद्ध प्राणवायू तर सहा मीटरांखाली विषासारखा वागतो; झटके येतात आणि तोंडातली झडप सुटते. शिवाय तेलकट जागी तो दाबाने सोडला की आग भडकते. श्वासायोग्य हवा भरून देणारे यंत्र कोकणकिनारी, जेथे हा व्यवसाय चालतो तेथे. घनसावंगीहून टाकी पाठवून भरून आणावयाची, तोवर बुडालेला मनुष्य कोणासाठी थांबणार?

आणखी एक गोष्ट आम्ही त्यास प्राणायामाच्या भाषेत समजाविली. तो आजवर करीत आला ते पूरक आणि कुंभक. वरची हवा छातीत घेऊन तो तेहतीस फुटांवर गेला तर ती दबून निम्मी होते, वर येताना पुन्हा पूर्ववत् होते. फुप्फुसास इजा नाही. परंतु टाकीतली हवा त्या खोलीवर छातीभर घेऊन कुंभक करीत वर आला, तर तीच हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटते. यास चार-पाच फूट पाणीही पुरते. या विद्येत कुंभकास सक्त मनाई आहे, आणि त्याच्या अंगी तर दहा वर्षांचा कुंभकच मुरलेला. संकटाच्या क्षणी अंगी मुरलेलेच पुढे येते.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हे सारे खरे. पण उद्या पुन्हा कोणी बोलावले तर मी काय करू? नुसत्या दमावरच जाऊ ना?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. रात्री धर्मशाळेत आम्हास झोप लागली नाही. 'घेऊ नको' म्हणणे सोपे. त्याने त्याच्या विहिरी उथळ होणार नव्हत्या. पहाटे आम्ही ठरविले ते असे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाण्याखालील जलक्रीडा शिकविणारी संस्था आहे. तेथे त्याने रीतसर शिकावे, खर्च आमच्या निवृत्तिवेतनातून. सामानाचा विचार त्यानंतर, तोही शिक्षकास विचारून. तोवर वीज तोडल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय आणि दोरावर दोन माणसे असल्याशिवाय विहिरीत उतरू नये. आणि गावातील प्रत्येक शेततळ्यात गाठी मारलेला दोर व तरंगता डबा बांधावा. यास कोणतीच टाकी लागत नाही. त्याने मान्य केले. मनापासून केले की आमच्या वयाकडे पाहून, हे सांगता येत नाही.

सकाळी विक्रेते स्वतःच आमच्याकडे आले. त्यांचीही झोप उडाली होती. "गुरुजी, एवढे ऐकल्यावर ही मी दुसऱ्याला तरी कशी विकू?" असे ते म्हणाले, तेव्हा आम्हास त्यांच्याविषयी आदर वाटला. आम्ही तिघे टाकी रिक्षात घालून औद्योगिक वसाहतीकडे गेलो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांस भंगार लागते. ते वितळवून त्याच्या सळया होतात आणि त्या दूरदूरच्या घरांच्या छपरांत जातात. भंगाराचे ढीग पाहण्यासारखे असतात: मोटारींचे सांगाडे, यंत्रांची चाके, मोडके पलंग, शाळेच्या बाकांचे पायसुद्धा! ते पाय पाहून आम्ही क्षणभर रेंगाळलो.

भंगारवाल्याने टाकी पाहताच हात आडवा केला. बंद भांडे तो घेत नाही. भट्टीत गेले तर आतील हवा प्रसरण पावून स्फोट होतो आणि वितळलेले लोखंड माणसांवर उडते. "तोंड काढा, पोट फाडा, मग वजन करू." झडप हळूहळू सैल केली. उरलीसुरली हवा फुसकन् निघाली. तिला ओल्या तळघराचा वास होता. मग कारागिराने करवतीने टाकी मधोमध कापली. आतून ओंजळभर तांबडा गंज जमिनीवर सांडला. पुतण्याने खाली बसून तो चिमटीत घेतला, बोटांवर चोळला आणि हात विजारीस पुसले. काट्यावर दोन्ही तुकडे मिळून चौदा किलो भरले.

विक्रेत्यांचे नुकसान पाहून आम्ही साजातील मुखवटा घेतला. काच शाबूत होती, रबर मऊ होते. चारशे रुपये दिले. गढूळ पाण्यात निदान डोळे तरी उघडे राहतील. शिसे ते फुकट देत होते, आणि शिसे कधी जुने होत नाही हेही खरे. पण बुडविणारी वस्तू घरात नेऊ नये असे आम्हास वाटले.

दिवेलागणीस घरी पोहोचलो. भावजय ओट्यावरच उभी होती. तिने पिशवी उघडली, मुखवटा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "भावोजी, एवढ्यासाठी दोन दिवस?"