साठचे पासष्ट

आज लेथवर एका टर्बो गाडीची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार, चढवलेली पाहिली. ६० मिलिमीटरचं तोंड ६५ करायचं. ऐकायला पाचच मिलिमीटर, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त. गाडीवाला खूश. मी नाही.

टर्बो नसलेलं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. तिथे दार रुंद केलेलं कामी येतं. टर्बोत हवा मागून ढकललीच जाते. थ्रॉटल खरंच आडवा येतोय का, हे आधी मोजावं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून थ्रॉटलच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब बघायचा. फरक नगण्य असेल तर लेथचे पैसे पाण्यात. बऱ्यापैकी असेल, तर तेवढ्याच बूस्टसाठी टर्बोला जास्त राबावं लागतंय, हवा उगाच तापतेय. मग मोठं तोंड हवंच.

खरी गंमत हे तोंड उघडझाक करणाऱ्या बटरफ्लायच्या चकतीत. दिसते गोल, पण बहुधा असते किंचित लंबगोल, कारण बंद असताना ती काही अंश तिरकी बसते. कडाही तिरक्या घासलेल्या. मोठ्या तोंडाची नवी चकती केसभर चुकली की एकतर आयडल चढतं, नाहीतर चकती अडकते. घाटात ती उघडीच अडकली तर काय होईल, सांगायला नको. शिवाय थ्रॉटलच्या पुढच्या मॅनिफोल्डचं तोंड ६० चंच ठेवलं तर हवा त्या पायरीवर आपटणार. हे कुणी विचारतच नाही!

माझं मत विचाराल तर आधी इंटरकूलर, पाइप आणि ट्यूनिंग बघा. थ्रॉटल सगळ्यात शेवटी.