आठही दिवे लागले तरी...

दिवाळी सरली की आमच्या नगर जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. रस्त्यांवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, आणि वाऱ्यावर मळीचा वास येऊ लागतो. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण माझ्या पिढीच्या तोंडी अजून 'नगर'च येतं.) विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचं पहिलं गाळप १९५०-५१ च्या हंगामातलं. तेव्हा सगळा कारभार माणसाच्या डोळ्यांवर आणि कानांवर चालायचा. आता कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला पडद्यावर सारं दिसतं. बॉयलरचा दाब, रसाची पातळी, गव्हाणीचा वेग, सगळं! आणि हे सारं तिथवर पोचतं ते करंगळीहूनही बारीक अशा एका केबलमधून.

माझा एक जुना विद्यार्थी याच केबली तपासायचं काम करतो. एमआयडीसीतले कारखाने, सुप्याकडचे प्लांट, आणि हंगामात साखर कारखाने. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे त्याच्या कामातलं मला काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. पण तो समजावून सांगतो फार छान. एकदा आला तो केबलचा तुकडा घेऊनच.

"बाई, यात आठ तारा असतात. पण आठ म्हणू नका, चार जोड्या म्हणा."

प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून ठेवलेल्या. ही युक्ती जुनी आहे, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. जोडीतल्या एका तारेवरून संदेश जातो तेव्हा दुसरीवरून त्याच्या बरोबर उलटा जातो. बाहेरून विजेचा त्रास आला तर पिळामुळे दोघींना सारखाच होतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा घेतं, आणि दोघींना झालेला सारखा त्रास वजाबाकीत निघून जातो. मला हे फार आवडलं.

मग त्यानं एका कारखान्याची गोष्ट सांगितली. ऐन हंगामात रात्रीच्या पाळीत पडद्यावरचे आकडे मधूनच गोठायचे. आकडे गोठले की सुरक्षेसाठी गव्हाण आपोआप थांबायची. बाहेर गाड्या उभ्या, ऊस वाळतोय. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकं त्याचं वजन घटतं आणि उताराही उतरतो. वजन घटलं की शेतकऱ्याचे पैसे गेले. लोक चिडले. स्विच बदलला, संगणक बदलला. तरी तेच! मग सगळ्यांची बोटं रात्रपाळीच्या एका कंत्राटी पोराकडे वळली. झोपत असेल, काहीतरी दाबत असेल. त्याला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं.

केबल आधी तपासलेली होती. स्वस्तातलं टेस्टर मिळतं, दोन्ही टोकांना लावलं की एकामागून एक आठ दिवे लागतात. आठही लागले होते, म्हणून केबल पास!

माझ्या विद्यार्थ्यानं जाऊन आधी त्या पोरालाच विचारलं, "नेमकं केव्हा होतं रे?" पोरानं खिशातून वही काढली. प्रत्येक वेळ त्यानं मिनिटासकट लिहून ठेवली होती. ती वही तोवर कुणी मागितलीच नव्हती. त्या वेळा पंपांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर एक मोठा पंप सुरू झाला की आकडे गोठत होते. तो पंप बहुतेक रात्रीच चालायचा. त्याच्या वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची जाड पॉवर केबल आणि ही बारीक केबल एकाच ट्रेमधून बराच अंतर शेजारी शेजारी गेल्या होत्या.

मग त्यानं आपलं महागडं यंत्र लावलं. हे यंत्र नुसती तार जोडलेली आहे का एवढंच पाहत नाही, एका जोडीचा आवाज दुसरीत किती झिरपतो तेही मोजतं. तार कुठे तुटली असेल तर विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकावा तसं किती मीटरवर तुटली हेसुद्धा सांगतं. इथे तार तुटलेली नव्हती, जोड्याच चुकल्या होत्या.

झालं असं होतं, की केबल बसवणाऱ्यानं रंग सुबक दिसावेत म्हणून हिरवी जोडी तिसऱ्या-चौथ्या जागी आणि निळी पाचव्या-सहाव्या जागी बसवली, दोन्ही टोकांना तशीच. पण यंत्राच्या लेखी तिसरी आणि सहावी ही एक जोडी. म्हणजे पीळ एकीशी आणि काम दुसरीशी! एरवी ते चाललं, पण शेजारी पंप गरजला की वजाबाकी जमेना. आठ दिव्यांना हे कळायचं कसं? पहिली तार पहिल्या जागी पोचली, दुसरी दुसऱ्या, त्यांच्या दृष्टीनं सगळं बरोबर.

दोन्ही टोकं कापून नव्यानं बसवली, केबल पॉवर केबलपासून दूर दुसऱ्या ट्रेत नेली, पुन्हा मोजणी केली. पंप मुद्दाम चालू-बंद करून पाहिला. आकडे हलले नाहीत. काम झाल्यावरची ही तपासणी लोक टाळतात, आणि तीच खरी, असं तो म्हणाला.

पोराची नोकरी राहिली.

मी जन्मभर परीक्षा घेतल्या. पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हणणारी मुलं पाहिली, त्यांचेही आठही दिवे लागत. थोडा आडवा प्रश्न आला की कळे, आत जोडी जुळलेली आहे का ते. पण या गोष्टीत मला यंत्रापेक्षा तो पहिला प्रश्न मोठा वाटतो. त्या पोराबद्दल सगळे एकमेकांना विचारत होते. त्याला स्वतःला विचारणारा हा पहिलाच, आणि अर्धं उत्तर त्याच्या खिशातच होतं.

तुमच्या कचेरीत, कारखान्यात, घरातसुद्धा असं काही वारंवार बिघडत असेल, तर ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे एखादी वही आहे का, ते आधी विचारून पाहा.