अघनाशिनीपलीकडे

सकाळी न्यायालयात अशिलाची कैफियत ऐकायची आणि दुपारी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायचे, असा माझा गेल्या काही वर्षांचा परिपाठ आहे. विधीच्या विद्यार्थ्यांना हा विषय सावत्र वाटतो. करार, साक्षीपुरावा, दंडविधान हे खरे शास्त्र. समाजशास्त्र म्हणजे पदवीच्या वाटेवरचा जकातनाका! मला मात्र तो कायद्याच्या अलीकडचा विषय वाटतो. खटला दाखल झाला की वकिलाचे काम सुरू होते. मनुष्य त्या दिवसापर्यंत कसा येऊन पोहोचला, हे विचारण्याची सवड वकिलाला नसते. ती सवड मला आठवड्यातून दोन तास मिळते, म्हणून ही नोकरी मी सोडलेली नाही. (नोकरी म्हणावे इतके मानधन तिला नाही, ही गोष्ट वेगळी.)

अभ्यासक्रमात स्थलांतर आणि सामाजिक न्याय असा एक भाग आहे. पाठ्यपुस्तक त्याचा आरंभ गिरण्या आणि शहरे यांपासून करते. मी देवांपासून करतो.

श्रीमंगेश मूळचा कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली. १५६७ हे वर्ष त्या विध्वंसात विशेष ठळक आहे. त्या धामधुमीत ही दैवते अघनाशिनी ओलांडून अंत्रूज महालात आली. तो मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचा होता. पोर्तुगिजांच्या हाती तो गेला दोन शतकांनी, १७६३ च्या सुमारास. ही हकीकत वर्गात बहुतेकांना ठाऊक असते. प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ, बांदिवडे येथील मुले तर ती अभिमानाने सांगतात. मग मी विचारतो, होडी कोणाची होती? वाटेत भार कोणी वाहिला? आणि पलीकडे गेल्यावर जागा कोणी दिली? वर्ग गप्प होतो. महाजनांची घराणी पाठ असतात, कारण महाजनपण वंशपरंपरेने चालते आणि १९३३ च्या देवस्थान-नियमावलीने त्याला कायद्याचा आधार दिलेला आहे. होडीवाल्याला अशी वही नाही. दक्षिणेकडे कोचीनपर्यंत जे कोकणी लोक गेले, त्यांत सारस्वत होते तसे कुणबीही होते. त्या देशी त्यांना कुडुंबी म्हणतात. एकाच मुलखातून निघालेल्या या मंडळींना नव्या गावी मात्र एका पंक्तीत बसता आले नाही.

यानंतर जनगणनेकडे वळणे सोपे जाते. पूर्वीचे राहण्याचे ठिकाण सोडून जो दुसरीकडे राहू लागला, तो स्थलांतरित, अशी तिची साधी व्याख्या आहे. २०११ च्या गणनेत असे सुमारे ४५ कोटी लोक निघाले आणि स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण निघाले लग्न. हे ऐकून मुले हसतात. ‘घरी जाऊन आपल्या आजीला विचारा, माहेर सुटले तेव्हा कसे वाटले,’ असे मी सांगतो. पुढच्या तासाला हसू उरत नाही.

कायद्याची नजर याहून अरुंद आहे. परराज्यांतून येणाऱ्या मजुरांसाठी संसदेने १९७९ साली कायदा केला. त्यात प्रवासखर्च होता आणि घर सुटल्याबद्दल विस्थापन-भत्ताही होता. पण मजूर ठेकेदारामार्फत आलेला असला पाहिजे! जो आपल्या पायांनी आला, तो या कायद्याला दिसतच नव्हता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि रस्ते माणसांनी भरले, तेव्हा तो सर्वांनाच दिसला. त्याच वर्षीच्या नव्या संहितेने आपण होऊन आलेल्यालाही व्याख्येत घेतले, तथापि विस्थापन-भत्ता तेवढा गाळला. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढले.

निवाड्यांपैकी मी एकच सविस्तर वाचून दाखवतो. ऑल्गा टेलिस प्रकरणातील तो निवाडा १९८५ सालचा असून सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला आहे. मुंबईच्या पदपथावरील एक अर्जदार संगमनेरकडचा होता. तो जोडे शिवणारा. दिवसाची कमाई सात-आठ रुपये. गावातले घर पडले, म्हणून तो १९६९ साली मुंबईस आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. आणि पावसाळा उलटल्यावर झोपड्या हटवण्यास मोकळीकही दिली. हक्क मान्य झाला, छप्पर गेले. या दोन वाक्यांमधल्या फटीत काय आहे, हे समजावून सांगण्यात माझे दोन तास जातात आणि तरीही ते पुरत नाहीत.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मनुष्य इथला होण्यास किती वर्षे लागतात?’ तिचे वडील विजापूरकडचे गवंडी. मी वकिलाचे उत्तर दिले. एकोणिसाव्या अनुच्छेदाप्रमाणे देशात कोठेही वस्ती करण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. गोव्यात सरकारी नोकरी हवी असेल, तर पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. तिने बोटांवर हिशेब केला. ‘म्हणजे अजून तीन.’ मागच्या बाकावरून साष्टीचा एक मुलगा बोलला. त्याच्या आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा. त्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन त्याचा मामा इंग्लंडात स्विंडनला गेला. शेत विकले गेले, तेथे इमारत उठली, आणि वाड्यावर कोकणी ऐकू येईनाशी झाली. ‘आम्ही जातो म्हणून हे येतात, की हे येतात म्हणून आम्ही जातो?’ त्या मुलाची भीती मला खोटी वाटत नाही. लहान प्रदेशाला जमिनीची आणि भाषेची धास्ती असणारच. मात्र ती धास्ती ‘भायले’ म्हणून गवंड्याच्या माथी मारायची आणि जमीन विकणाऱ्याला व घेणाऱ्याला मोकळे सोडायचे, हा न्याय कोणता? त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

या सत्रात मी लेखी काम दिले: आपल्या गावच्या देवळात जाऊन, जीर्णोद्धारात प्रत्यक्ष हात कोणाचे लागले, हे विचारून या. बरेचजण देणगीदारांची यादी उतरवून आले. एका महाजनाच्या मुलाने मात्र जुन्या हजेरीवहीतून बावीस नावे काढली. त्यांत गदगचे पाथरवट होते, बेळगावकडचे सुतार होते, आणि चुना कालवणाऱ्या चार बायका होत्या. ती नावे संगमरवरी पाटीवर देणगीदारांच्या खाली कोरावीत, असा अर्जही त्याने देवस्थान समितीकडे दिला आहे. समितीत दोन तट पडले असून त्याचे वडील विरुद्ध बाजूस आहेत. बैठक जत्रेनंतर भरेल.