काही नाही, ताई

गेल्या पावसाळ्यात मी हेमलकशात होतो. पर्लकोटेला पूर आला की पलीकडचं भामरागड तुटतं; नेट बहुधा त्याआधीच गेलेलं असतं. म्हणून रुग्णनोंदीचं माझं ॲप लॅपटॉपवरच चालवायचं, फोनवरून वायफायने उघडायचं ठरवलं. फोनवर कॅमेरा उघडेना. ब्राउझर लोकलहोस्टला घरचा मानतो, पण १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्याला एचटीटीपीएसशिवाय कॅमेरा देत नाही. आणि असल्या खासगी पत्त्याला ब्राउझर मानतो अशी कुठलीच संस्था सर्टिफिकेट देत नाही. मग एमकेसर्ट वापरून मीच संस्था झालो. माझं रूट सर्टिफिकेट ओळखीच्या नर्सताईंच्या फोनमध्ये घातलं. लगेच सूचना आली: नेटवर्कवर पाळत असू शकते.

"हे काय रे?"

"काही नाही, ताई."

नेट आल्यावर कोड गिटवर ढकलला. पंधरा दिवसांनी दिसलं, सोबत रूटची खासगी चावीही गेली होती. ती ज्याच्या हाती, तो वायफायच्या वाटेत बसून ताईंच्या ब्राउझरला खोटी बँक दाखवू शकतो. मुदत दहा वर्षं! फाइल खोडून भागत नाही, गिट जुनं सगळं जपतं. नवी चावी पाच मिनिटांत झाली. जुनीवरचा विश्वास मात्र त्या फोनमधूनच काढावा लागतो.

चिखल तुडवत गेलो. ताईंनी न विचारता फोन दिला, चहा ठेवला. या वेळी सगळं सांगितलं.

"मग तेव्हा 'काही नाही' का म्हणालास?"