डोळे निवले

आपली मराठी ही उन्हात वाढलेली भाषा आहे. हे समजायला भाषापंडित व्हावे लागत नाही. नुसते कान उघडे ठेवले म्हणजे पुरे. मनासारखे झाले की आपला जीव थंड होतो. लेकीचा संसार सुखाचा चाललेला पाहिला की आईचे डोळे निवतात. रागावलेला माणूस तापतो, त्याचे डोके भडकते, आणि समजूत पटली की तो थंड होतो. छळणाऱ्या पोराला आपण ‘काय ताप आहे!’ म्हणतो. दुःखाचे चटके बसतात, चिंतेने माणूस होरपळतो, मत्सराने जळतो. संतांनी सज्जनाला उपमा शोधली तीही चंद्राची आणि चंदनाची. एकूण काय, आपले सगळे सुख गार आणि सगळे दुःख गरम! ऊब हा शब्द आपल्याकडे नाही असे नव्हे. पण तो गोधडीएवढाच आहे, पहाटेपुरता. ऊन वर आले की त्याची घडी घालून ठेवायची.

हा विचार मला चंद्रपुरात असताना कधी सुचला नाही. तो सुचायला घर सोडून फार उत्तरेला जावे लागले. २०१४ साली आमच्या यांना कॅनडात एडमंटन शहरी काम मिळाले. हे वेल्डर. तिकडे तेलाच्या कारखान्यांना लागणारे अजस्र नळ जोडण्याची कामे चालतात. मी मॅट्रिक झालेली, सकाळी बालवाडीत मुलांना शिकवणारी आणि दुपारी मुले घरी गेली की कादंबऱ्या लिहीत बसणारी बाई. पदरी सात वर्षांची लेक. चंद्रपूर विसाव्या अक्षांशाजवळ, तर एडमंटन त्रेपन्नाच्याही वर. नकाशावर बोटाने मोजले तर वीतभर अंतर. पण त्या वीतभरात उन्हाळ्याचा हिवाळा होतो.

“चंद्रपूरची माणसं तिथं कशी निभावणार?” असे नातेवाईक म्हणाले. मला मात्र आता वाटते, की निभावायला चंद्रपूरसारखी शाळा नाही. पुण्या-नाशिकच्या माणसाला ऋतू म्हणजे कपाट बदलणे एवढेच ठाऊक असते. आम्हांला ऋतू जीव घेऊ शकतो हे लहानपणापासून माहीत असते. मे महिन्यात पारा ४७ वर गेला की सकाळी दहालाच खिडक्या-दारे बंद करायची, कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडायचे, बाहेर पडायचेच झाले तर डोक्याला-कानाला दुपट्टा गुंडाळायचा आणि खिशात कांदा ठेवायचा. नवतपा लागला म्हणजे भर दुपारी आमचा रस्ता इतका ओस पडायचा, की कुत्रेसुद्धा नालीच्या ओलाव्यातून उठायचे नाही.

एडमंटनमध्ये जानेवारी आला, पारा शून्याखाली ३० अंश उतरला, आणि मी खिडकीतून पाहते तो काय, तोच ओस रस्ता! तीच बंद दारे, तेच डोके-कान गुंडाळून लगबगीने जाणारे एखादे माणूस. मला क्षणभर आपलेच गाव पांढरे रंगवून ठेवल्यासारखे वाटले.

बाकी सगळे मात्र उलटे. आपल्याकडे आभाळ भरून आले की गारवा येतो. इथे हिवाळ्यात आभाळ भरले की थंडी जरा सैल होते, आणि आभाळ निळे, ऊन लख्ख असले म्हणजे समजावे की आज हाडे गोठणार. पहिल्या वर्षी ते सोन्यासारखे ऊन पाहून माझी लेक अंगणात धावायला निघाली, तेव्हा शेजारच्या म्हातारीने तिला दारातच अडवून आपला मफलर तिच्या नाकापर्यंत गुंडाळला. ऊन असून ऊब नाही, ही कल्पना आमच्या डोक्यात शिरायला एक हिवाळा गेला. पारा उणे ४० वर गेला म्हणजे तर सेल्सिअस की फॅरनहाइट हे विचारण्याचेही कारण उरत नाही. दोन्ही मापे तिथे एकच आकडा दाखवतात. जणू भांडणारे दोन भाऊ थंडीपुढे एकत्र आले!

संसारातल्या गमती सांगाव्या तेवढ्या थोड्या. खोबरेलाची बाटली चंद्रपुरात डिसेंबरातले थोडे दिवस सोडले तर सदैव पातळ; इथे ती घरातसुद्धा जवळजवळ बारमास थिजलेली. वेणी घालायची म्हणजे आधी बाटली गरम पाण्यात उभी करायची. मेमध्ये आमच्या घरी दुपारी लावलेले दही संध्याकाळी आंबट होऊन बसे. इथे त्याला ओव्हनमध्ये दिवा लावून रात्रभर निजवावे लागते. घर बंद, त्यामुळे फोडणीचा वास जायला वाट नाही. तो खुंटीवरच्या कोटांत जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर बसमधून प्रवास करतो. म्हणून मोहरी तडतडण्यापूर्वी सगळे कोट कपाटात कोंडायचे, हा आमच्या घरचा नियम. मोटारीच्या इंजिनात थंडीने तेल घट्ट होते. तेव्हा रात्री तिला वायरने विजेच्या खांबाशी जोडून ठेवायचे, गोठ्यात गाय बांधावी तसे. एक सुख मात्र आहे. हिवाळ्यात घरातली हवा भट्टीच्या उष्णतेने इतकी कोरडी होते, की माझे उडदाचे पापड चंद्रपूरच्या गच्चीवर वाळत तसे इथल्या तळघरात खडखडीत वाळतात!

आणि अंधार. डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा. मुले अंधारात शाळेत जातात आणि परततात तेव्हा उजेड आवराआवर करीत असतो. पण या अंधाराचाही एक फायदा मी शोधून काढला आहे. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी न्हायले नाही तर नरकात जावे लागते, या धाकाने लहानपणी आई आम्हांला चारला उठवायची. एडमंटनला ऑक्टोबरअखेर सूर्य उगवतो सव्वाआठच्या सुमारास. साडेसातपर्यंत खुशाल लोळावे, मग उटणे लावून न्हावे; स्वर्गाचा दरवाजा उघडाच!

कधी कधी हे गमतीचे वाटत नाही. अशा वेळी मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. ना भट्टीने तापवलेले घर, ना अंगात थंडीचे आजच्यासारखे कपडे. लुगडे सोडायचे नाही आणि मांसाहार करायचा नाही, हा त्यांचा निश्चय. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या. फिलाडेल्फियाची थंडी एडमंटनपुढे काहीच नव्हे, असे मला प्रथम वाटे. आता वाटत नाही. थंडी पाऱ्यावर मोजायची नसते. ती आपल्याजवळ किती माणसे आहेत यावर मोजायची असते. घरचे पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागायचे, आणि तोवर त्या मुलीला मराठीत ‘काय गं, जेवलीस का?’ विचारणारे तिथे कोण होते?

मला विचारणारी आहे. माझी आई चंद्रपुरात एकटी राहते आणि रोज फोन करते. आमच्या या बोलण्यात गेली कित्येक वर्षे एक खेळ चालला आहे. मी विचारते, “आज ऊन किती?” ती म्हणते, “काही खास नाही गं, बेचाळीस.” वर्तमानपत्रात मी ४६ वाचलेले असते. ती विचारते, “थंडी?” मी म्हणते, “फार नाही, उणे पंधरा.” बाहेर उणे २८ असते, आणि तिच्याजवळही शेजारच्या मुलाने दाखवलेला आकडा असतो. दोघींनाही सारे ठाऊक. पण कुणी कुणाला पकडत नाही.

एकदा आजी फोनवर नातीला म्हणाली, “तुले पाह्यलं न् डोळे निवले गं माय!” लेक तेव्हा दहा-अकराची असेल. फोन ठेवल्यावर ती माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, “आई, मला बघून आजीला थंडी वाजते का?”

मी हसले नाही. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. तीन हिवाळे या मुलीने बर्फातून शाळेत ये-जा केली होती. तिथल्या भाषेत स्वागत होते ते उबदार, आणि जो माणूस आपल्याला नकोसा करतो तो थंड. तिने आजीच्या वाक्याचा तिच्या मुलखातला अर्थ लावला होता. शब्द मराठी, व्याकरण मराठी, उच्चार स्वच्छ; फक्त त्याखालचे ऊन नाहीसे झाले होते. मी कादंबऱ्या लिहिणारी बाई. शब्दांवर माझा सारा भरवसा. त्या रात्री मला कळले, की मुलीला भाषा देणे पुरत नाही, तिच्याखालची जमीनही द्यावी लागते, आणि ती पेटीत घालून आणता येत नाही.

सांगून मी पाहिले. निवणे म्हणजे आनंद होणे, समाधान होणे. तिने मान हलवली, जशी मुले परीक्षेपुरती हलवतात.

मग २०१९ च्या मे महिन्यात आम्ही चंद्रपूरला गेलो. लोक म्हणाले, मेमध्ये कशाला, डिसेंबरात या. मी मुद्दाम मे धरला. बाजारातून दोघी पायी निघालो तेव्हा अकरा वाजले होते. रस्त्यातून आगीचा श्वास येत होता, झळांनी समोरची घरे पाण्यातल्यासारखी हलत होती. लेकीचे तोंड लालबुंद झाले, ओठ वाळले, ती रडकुंडीला आली. घरात शिरलो. बंद खिडक्यांचा मिट्ट अंधार, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. आईने माठातले पाणी फुलपात्रात घेतले, ओला हात तिच्या डोळ्यांवरून फिरवला, मग फुलपात्र तिच्या ओठांना लावले. घटाघटा प्यायली. भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली. मग हळूच म्हणाली, “आई, हे का?”

“हो,” मी म्हटले, “हे.”

उन्हाचा आणि थंडीचा मी बराच अनुभव घेतला. दोघांत एक साम्य मला दिसते ते असे. ऊन लागलेल्या माणसाला पुष्कळदा घाम येईनासा होतो. त्वचा कोरडी पडते, तेव्हा समजावे की प्रकरण हाताबाहेर चालले. थंडीने बोटे दुखतात, ठणकतात तोवर ठीक. दुखणे थांबून ती बधिर झाली की धावपळ करावी. शरीर कुरकुरते आहे तोवर ते आपल्या बाजूने लढत असते. घर सोडून आलेल्या माणसाचेही तसेच. फोन ठेवल्यावर घशात जो आवंढा येतो, त्याला मी आता घाबरत नाही. तो येईनासा होईल त्या दिवशी घाबरेन.

आमच्या इथल्या मराठी मुलांची रविवारची शाळा एका भाड्याच्या हॉलमध्ये भरते. मी शिकवते, आणि आता कॉलेजात जाणारी माझी लेक लहान गटाला शिकवते. गेल्या दिवाळीत मुलांनी किल्ला केला. माती गोठलेली, म्हणून बर्फाचा. तिथला कोरडा बर्फ मुठीत वळत नाही; त्यावर पाणी शिंपडून ठेवले की रात्रीतून दगडासारखे बुरूज तयार होतात. अळीव तेवढे खिडकीत ताटलीत पेरायचे आणि उगवले की ताटलीसकट महाराजांपुढे ठेवायचे.

किल्ला बांधून मुले आत आली आणि कोट उतरवू लागली, तशी लेक म्हणाली, “थांबा. कुणी काही काढायचं नाही.” कोट, टोप्या, हातमोजे, बूट, सगळे तसेच ठेवून तिने त्यांना त्या तापवलेल्या हॉलमध्ये पळवले. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या. मुले घामाघूम, गाल लाल. एक चिमुरडा रडकुंडीला येऊन म्हणाला, “ताई, पुरे ना!” तेव्हा तिने त्यांना दारापाशी ओळीने उभे केले, गळ्यापर्यंतच्या चेनी खाली ओढायला सांगितल्या, आणि दार सताड उघडले. बर्फावरून आलेला वारा त्या तापलेल्या चेहऱ्यांवरून गेला. सगळ्यांनी एकदम डोळे मिटले.

“कसं वाटतंय?” तिने विचारले.

“मस्त!”

“याला मराठीत म्हणतात निवणं,” ती म्हणाली. “आणि माझी आजी मला बघते ना, तेव्हा तिला अगदी अस्सं वाटतं.”