डिफरेन्शियल लॉक, तुला पांदणीतून

प्रिय डिफरेन्शियल लॉक,

ट्रॅक्टरच्या सीटवर बसलं की उजव्या टाचेपाशी तुझं छोटंसं पॅडल असतं. क्लच-ब्रेकवर दिवसभर पाय असतो. तुझी आठवण मात्र गाडी फसली की मगच. यवतमाळ जिल्ह्यात ती वेळ दर पावसाळ्यात येते. गेल्या भादव्यात ती आली, तुझ्यावर टाच दिली, आणि तू लागला नाहीस. म्हणून हे पत्र.

झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडाकडे, म्हणजे वस्तीकडे, खताच्या बॅगा घेऊन निघालो होतो. डांबर संपलं की पुढे नुसती पांदण. नाल्याच्या चढावर डावं चाक खोल चाकोरीत उतरलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. उजवं चाक धुऱ्याकडच्या मुरमावर घट्ट होतं, पण ते हलेना. ड्रायव्हरनं रेस कमी केली, क्लच दाबला, तुझ्यावर टाच दिली, मग क्लच हळूच सोडला. सगळं रीतीनं. खालून एकदाच खटकन आवाज यायचा, त्याऐवजी दातावर दात घासल्याची करकर आली. डावं चाक तसंच गरगरत राहिलं. "लागूनच नाही रायला ना भाऊ," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

तू नसतोस तेव्हा काय होतं, हे फसलेल्या माणसाला नीट कळलेलं बरं. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरेन्शियल आला. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी तो योजला. पण हा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच देतो, आणि किती द्यायचा ते कमजोर चाकावर ठरतं. जुवाला जुंपलेल्या जोडीतल्या एका बैलानं अंग टाकलं की दुसऱ्याची ताकद फुकट जाते, तसं. डावं चाक गाऱ्यात कसलाच विरोध न होता फिरत असेल, तर मुरमावरच्या उजव्या चाकाला तेवढाच नाममात्र जोर मिळतो. तू मध्ये येऊन दोन्ही एक्सल एकत्र बांधतोस, तेव्हाच पकड असलेलं चाक गाडी ओढून काढतं.

आणि आमची माती! बेसाल्ट झिजून झालेली ही काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाणी पिऊन फुगते. तिच्यातल्या चिकणमातीच्या बारीक थरांमध्ये पाणी शिरतं, ते सहजी निघत नाही. याच गुणावर आमचा कापूस दोन पावसांमधला खंड सोसतो. पण तीच माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो, आणि चाक जितकं फिरवाल तितकं खाली जातं. वाळूत रुतलेली गाडी थोड्या खटपटीनं निघते. इथे एक्सल मातीला टेकला की ट्रॅक्टर बसलाच म्हणायचा.

पुढे तुला उघडलं तेव्हा दातांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या आणि परत खेचणारी स्प्रिंग गंजलेली. मिस्त्रीनं एक दात बोटानं चाचपून दाखवला. ज्याच्या धारेनं समोरच्या खाचेत अडकायचं, तो गोट्यासारखा लागत होता. चाक भन्नाट फिरत असताना घाबरून टाच मारली की हे होतं. लॉक लावून गाडी वळवली तरी सगळा ताण तुझ्यावर आणि एक्सलवर येतो. तुझा दोष मी काढत नाही. तुला सरळ रेषेत, हळू, चार-दोन हात अंतरासाठी घडवलंय, आणि आम्ही तुझ्याकडून अख्खी पांदण पार करून घेतो.

तू दगा दिलास याहून तू दगा दिल्यावर माणसं काय करतात, याचीच मला जास्त धास्ती आहे. मागच्या दोन्ही चाकांना साखळीनं आडवं लाकूड बांधायचं आणि पुढे रेस द्यायची, हा उपाय गावोगाव चालतो. लाकूड जमिनीत अडलं की चाकं थांबतात, पण इंजिनचा जोर थांबत नाही. तो एक्सलभोवती पूर्ण ट्रॅक्टर उचलतो, पुढची चाकं हवेत जातात आणि ट्रॅक्टर मागे, ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. डोक्यावर वाचवणारी लोखंडी चौकट आमच्या बहुतेक ट्रॅक्टरांना नसते. तू लागला नाहीस तर ट्रॉली सोडावी, चाकामागची माती खणून काढावी, आल्या वाटेनं रिव्हर्स निघावं. नाहीच निघालं तर दुसरा ट्रॅक्टर येईपर्यंत थांबावं. उशिरानं फार तर एक दिवस बुडतो.

आम्ही तेच केलं. बॅगा पोडावरच्या एका बैलबंडीनं नेल्या. बंडीला तुझी गरज नसते. तिची दोन्ही चाकं आसावर आपापली फिरतात, ओढणारे पाय पुढे असतात, चाकांनी फक्त मागे यायचं असतं.

हौसेनं चिखलात गाड्या घालणाऱ्यांमध्ये तुझं मोठं नाव आहे. २०२० साली नव्या रूपात आलेल्या थार गाडीच्या काही मॉडेलांत मागच्या एक्सलवर तू आपोआप लागतोस, टाच द्यावी लागत नाही. त्यांनी जरूर जावं, डोंगर चढावेत. पण झरी, मारेगाव, घाटंजीच्या पोडांवर चिखल हौसेचा नाही. तिथून बाळंतीण न्यायची असते, वेचलेला कापूस जिनिंगला पोचवायचा असतो. जे काम रस्त्यानं करायचं ते तुझ्या चार दातांवर आलंय, हे मला फार लागतं.

रस्त्याला कायद्यात जागा आहे. धुऱ्यावरून वाट मागायला १९६६च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, अडवलेली वाट मोकळी करायला तहसीलदाराच्या हाती १९०६चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. २०२१मध्ये राज्यानं पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, रोजगार हमीची जोड देऊन. तरी माझ्या डोळ्यांदेखत पांदणींवर मातीवर मातीच पडते; खडीकरण होत नाही, कडेची नाली निघत नाही, आणि पहिल्या मिरगात नवी चाकोरी पडते. पांदणीचं काम मोजायचं असेल तर भरल्या ट्रॉलीनं, श्रावणात मोजावं.

तोवर तुझी निगा राखणं एवढंच आमच्या हाती आहे, आणि ते सोपं आहे. मिरगाआधी सपाट, कडक जागी ट्रॅक्टर उभा करायचा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, बाकी चाकांना दगडांची उटी. मागचं एक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचं. ते मोकळं फिरलं पाहिजे. मग दुसऱ्या माणसानं तुझं पॅडल दाबून धरायचं आणि चाक पुन्हा हळू फिरवायचं. थोडं सरकून ते गच्च अडलं तर तू ठीक आहेस. पाय काढल्यावर पुन्हा मोकळं झालं नाही, तर स्प्रिंग बदलायची. अडताना करकरलं, तर पेरणीआधी हाउसिंग उघडायचं, मग मिस्त्री कितीही म्हणो की हंगामभर चालून जाईल.

तुझा,
झरीच्या वाटेवरचा एक खतवाला