कबड्डीचा वाद आणि घाटातली एसटी

प्रिय सखी,

टोरांटोच्या वाचनालयात नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं काम तू अंगावर घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. अकरा ते चौदा वर्षांची मुलं, कुणी सीरियातून आलेलं, कुणी ब्राझीलमधून, कुणी पंजाबातून. आणि काहीही विचारलं तरी ‘येस’, ‘नो’च्या पुढे गाडी जात नाही, असं तू लिहिलंस. इथे सातारा जिल्ह्यातल्या माझ्या सातवीच्या वर्गातही हेच चालतं. आपल्याकडे 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्याकडे येईपर्यंत मुलं सहा वर्षं इंग्रजी शिकलेली असतात. धडा वाचतात, प्रश्नोत्तरं लिहितात, आईवरचा निबंध घडाघडा म्हणून दाखवतात. पण ‘आज उशीर का झाला?’ एवढं इंग्रजीत विचारलं की मान खाली.

तू निवडलेले विषय वाचले. माय हॉबी, माय बेस्ट फ्रेंड, माय एम इन लाइफ, मोबाइलचे फायदे-तोटे. अगं, ही निबंधाची शीर्षकं झाली. यांत कुणाला कुणाकडून काही जाणून घ्यायचं नसतं. बाईंना काय ऐकायचंय हे मुलाला आधीच ठाऊक असतं, आणि ते बाईंनाही ठाऊक असतं. मग बोलायचं कशासाठी? मी विषय निवडताना एवढंच बघते, की यातलं मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळतं का? आणि यावर शेजारच्या बाकावरचं पोर त्याच्याशी भांडेल का? दोन्हींना ‘हो’ आलं की विषय पक्का.

आमच्याकडे सगळ्यात चालणारा विषय म्हणजे कबड्डी. खेळ आपल्या मातीतला, पण टीव्हीवर प्रो कबड्डी बघून त्याचं इंग्रजी मुलांच्या तोंडात आधीच बसलंय. रेड, बोनस, सुपर टॅकल, ऑल आउट, डू ऑर डाय. परवा मी फळ्यावर मैदान काढलं, एका बाजूला तीनच खेळाडू ठेवले आणि म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, समजावून सांगा. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्गात एरवी तोंड न उघडणारा, उठून थेट फळ्यापाशी आला. ‘टीचर, ओन्ली थ्री प्लेयर. दे कॅच रेडर, टू पॉइंट.’ मी विचारलं, ‘व्हाय टू?’ तो थांबला. वर्ग कुजबुजायला लागला तसा मी हातानेच सगळ्यांना गप्प केलं. बराच वेळ त्याने फळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बिकॉज थ्री इज लेस. इट इज डिफिकल्ट. सो एक्स्ट्रा.’ लगेच खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली, ‘नो टीचर, नॉट फेअर!’ मग ते दोघं जे सुरू झाले ते मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत. व्याकरणाच्या चुका ढीगभर होत्या. पण त्या पोराने पहिल्यांदाच इंग्रजीत कारण सांगितलं होतं.

यातलं थांबणं महत्त्वाचं आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं होतं. त्यांना आढळलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. उत्तर आलं नाही की स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. तो अभ्यास विज्ञानाच्या तासांचा होता, मुलं स्वतःच्याच भाषेत बोलत होती. परक्या भाषेत तर विचार आधी घरच्या भाषेत येणार, मग शब्द शोधायचे, मग ते जुळवायचे. तेव्हा तू आणखी थांब. ती शांतता तुला अवघड वाटेल, मुलाला ती लागते.

आता एसटीची गोष्ट. एन. एस. प्रभू यांचं नाव तू ऐकलं असशील. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत वेगळाच प्रयोग केला. व्याकरण समोर न ठेवता मुलांना इंग्रजीतून काहीतरी सोडवायला द्यायचं: रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, असलं काही. डोकं उत्तरात गुंतलं की भाषा आपोआप कामाला लागते, हा त्यामागचा विश्वास. मी तेच आमच्या एसटीने जायच्या सहलीवर करते. रायगड की पन्हाळा? अर्ध्या वर्गाला रायगडचा कागद, अर्ध्याला पन्हाळ्याचा. अंतर, भाडं, जेवायची सोय, चढण. दुसऱ्याचा कागद बघायचा नाही, विचारायचं. रायगडवाल्यांकडे रोपवे आहे हे कळताच पन्हाळावाले हादरतात. मग त्यांच्यातलं कुणीतरी आठवण करून देतं, की साताऱ्याहून रायगडला जायचं तर महाबळेश्वरावरून पोलादपूरला उतरायचं, म्हणजे आंबेनळी घाट, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांना गाडी लागते! ‘हू विल सिट निअर विंडो?’ यावर जी चर्चा झाली ती मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. तुझ्या मुलांना तुमच्या तिथल्या बसचा आणि भुयारी रेल्वेचा नकाशा दे. त्यांना तो तसाही रोज लागणारच आहे.

प्रभूंचं मत असं, की नुसती मतं विचारण्यापेक्षा तर्काने सोडवायची कामं वर्गात जास्त चांगली चालतात. बुजऱ्या मुलांबाबत मला ते शंभर टक्के पटतं, कारण तिथे उत्तर कागदावर असतं, स्वतःला उघडं करावं लागत नाही. पण बारा-तेराव्या वर्षी न्याय-अन्यायाची जी चीड असते, तिच्यासारखं बोलतं करणारं दुसरं काही नाही. घरात फोन एकच, तर आधी कुणाला मिळावा? धाकट्याने मोडलं आणि मार मोठ्याने का खाल्ला? मुलींनीच ताटं का उचलायची? हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. तो एका मुलीने विचारला, आणि तिच्या इंग्रजीत तेव्हा एकही अडखळ नव्हती. मुलगे बराच वेळ उत्तर शोधत होते. त्या तासाला मी फळ्यावर फक्त शब्द लिहून देत राहिले.

भुतंही चालतात, फार छान चालतात. गावोगावी एखादी चिंच किंवा पिंपळ असतोच, आणि तिथल्या भुताची गोष्ट आजीकडून ऐकलेली, म्हणजे सगळी भूतकाळात सांगावी लागते. उडता आलेलं बरं की अदृश्य होता आलेलं, असले प्रश्न अगदी कच्च्या मुलासाठी ठेव. एक शब्द निवडला तरी तो बोलला, मग हळूच ‘बिकॉज’ पुढे सरकवायचं.

काही विषय मात्र मी वर्गात आणत नाही. वडील काय करतात, सुट्टीत कुठे गेलात, दिवाळीला काय घेतलं. आमच्याकडे गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं येतात, बहुतेक बीडकडची. कारखाना बंद झाला की ती निघून जातात. अशा मुलाला ‘डिस्क्राइब युअर हाउस’ म्हणायचं, म्हणजे सगळ्या वर्गासमोर त्याला पालाबद्दल बोलायला लावायचं. त्यालाच ‘बैल लंगडायला लागला तर काय करतोस?’ विचारलं की बाकीचे कान टवकारून ऐकतात. तुझ्यासमोरच्या काही मुलांची घरं तर युद्धात गेली असतील. त्यांना घराबद्दल विचारू नकोस, आपणहून बोलली तर हातातलं सगळं बाजूला ठेवून ऐक. तोवर त्यांना येणारा खेळ, त्यांच्याकडची भाकरी कशी भाजतात, हे विचार.

चुकांचं म्हणशील तर वाक्य चालू असताना तोडू नकोस. ‘ही गोज’वर अडून बसलीस तर तो पुढे काय सांगणार होता ते दोघंही विसराल. ‘ही गो टू मार्केट’ म्हणाला तर ‘ओह, ही गोज टू द मार्केट? अँड देन?’ असं सहज म्हणून पुढे जा. ऐकून ऐकून बसतं. आणि बोलायच्या आधी दोन मिनिटं त्यांना जोडीने आपल्या भाषेत बोलू दे. तुला अरबी, पोर्तुगीज कळत नाही याने काही बिघडत नाही. त्यांना आधी काय म्हणायचंय ते सापडू दे.

आता माझं एक काम कर. माझ्या मुलांना तुझ्या मुलांना विचारायचंय: बर्फ पडला की शाळेला सुट्टी मिळते का, आइस हॉकीत मारामारी केल्यावर बाहेर काढतात का, आणि तिथे डब्यात काय नेतात. त्यांच्याच आवाजात पाठवते आहे. उत्तरंही आवाजातच हवीत, आणि उलट प्रश्नही. आमची शनिवारची सकाळची शाळा सुरू होते तेव्हा तुझ्याकडे शुक्रवारची रात्र असते, तेव्हा गुरुवारपर्यंत पाठवलंस तर बरं. मुलांना सांग, चांगलं बोलायची घाई करू नका, हवं तेवढं थांबा. ध्वनिमुद्रणातली शांतता मी कापणार नाही.

तुझीच,
बाई